‘आला असता’ : मराठीतील अघटिताचे क्रियारूप आणि फ्रेंचमधील पूर्णभूत अधीनार्थ

मराठी व्याकरणाच्या पारंपरिक मांडणीत क्रियापदाचे चार अर्थ मानले जातात : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. पहिल्या तिहींची चर्चा विस्ताराने होते. संकेतार्थाच्या वाट्याला बहुधा एक व्याख्या आणि एक उदाहरण एवढेच येते. ‘पाऊस पडला असता तर पीक आले असते’ हे उदाहरण शालेय पुस्तकापासून पदव्युत्तर वर्गापर्यंत थोड्याफार फरकाने तेच राहते. विद्यार्थी त्यावरून एवढेच शिकतो की ‘जर–तर’ आले की संकेतार्थ झाला. ही समजूत अपुरी आहे, आणि काही ठिकाणी ती दिशाभूलही करते. प्रस्तुत लेखात या रूपाची घडण व उपयोग तपासला असून तुलनेसाठी फ्रेंचमधील एक जवळचे रूप घेतले आहे. उदाहरणे शक्य तेथे यवतमाळ जिल्ह्यातील कळंब परिसराच्या बोलण्याच्या धाटणीची आहेत. चिंतामणीचे क्षेत्र म्हणून ओळखले जाणारे हे तालुक्याचे गाव यवतमाळ–नागपूर मार्गावर, कापसाच्या मुलुखात आहे. कोरडवाहू शेतीच्या प्रदेशात न आलेल्या पावसाबद्दल आणि न झालेल्या पिकाबद्दल बोलण्याची वेळ वारंवार येते. म्हणून या रूपाच्या अभ्यासाला असा परिसर सोयीचा आहे.

१. तुलनेचे प्रयोजन

फ्रेंच व्याकरणात ‘स्युब्झाँक्तीफ’ नावाचा एक अर्थ आहे. या नावाचा मूळ आशय ‘खाली जोडलेला’ असा असल्याने त्याला येथे सोयीसाठी ‘अधीनार्थ’ म्हटले आहे. इच्छा, भीती, शंका, खेद इत्यादी सांगणाऱ्या मुख्य वाक्याला जोडून येणाऱ्या गौण वाक्यात तो प्रामुख्याने येतो. त्याच्या चार काळांपैकी ‘पूर्णभूत’ हा चौथा. महाराष्ट्रातील अनेक शाळा-महाविद्यालयांत फ्रेंच शिकविली जाते, आणि हे रूप समजावताना ‘आला असता’ हा मराठी पर्याय सहज पुढे येतो. तो निम्म्या जागी बरोबर ठरतो आणि निम्म्या जागी वाक्याचा अर्थच उलटा करतो. असे का होते हे पाहू गेल्यास फ्रेंच रूपाइतकाच मराठी रूपावरही प्रकाश पडतो.

मराठी भाषेच्या ऐतिहासिक अभ्यासाचा एक मोठा ग्रंथ फ्रेंचमध्ये लिहिला गेला, हेही येथे स्मरणीय आहे. झ्यूल ब्लॉक यांचा हा प्रबंध पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे पॅरिसला सिद्ध झाला आणि वा. गो. परांजपे यांनी केलेला त्याचा अनुवाद ‘मराठी भाषेचा विकास’ या नावाने १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामुळे या दोन भाषा शेजारी ठेवून पाहणे मराठीच्या अभ्यासकाला अगदीच परके नाही.

२. फ्रेंच रूपाची घडण

फ्रेंच पूर्णभूत अधीनार्थ दोन घटकांचा बनतो : सहायक क्रियापदाचे अपूर्णभूत अधीनार्थी रूप आणि मुख्य क्रियापदाचे भूतकालवाचक धातुसाधित. सहायक दोन आहेत. ‘अव्वार’ म्हणजे ‘जवळ असणे’ आणि ‘एत्र’ म्हणजे ‘असणे’. बहुतेक क्रियापदे पहिले सहायक घेतात. येणे, जाणे, निघणे, जन्मणे, मरणे अशी काही अकर्मक क्रियापदे आणि आत्मवाचक क्रियापदे दुसरे घेतात. पहिल्याची रूपे अनुक्रमे ‘यूस, यूस, यू’ ही एकवचनी आणि ‘युस्यों, युस्ये, यूस’ ही अनेकवचनी. दुसऱ्याची ‘फ्यूस, फ्यूस, फ्यू’ आणि ‘फ्युस्यों, फ्युस्ये, फ्यूस’. येथील ‘यू’चा उच्चार मराठीत नाही. ओठ ‘ऊ’साठी गोल करून ‘ई’ म्हणू गेल्यास तो साधारणपणे साधतो. ‘येणे’चे धातुसाधित ‘वन्यू’. त्यावरून ‘इल फ्यू वन्यू’ हे तृतीयपुरुषी एकवचनी रूप सिद्ध होते.

या रूपाचे दोन उपयोग आहेत आणि त्यांतील भेद महत्त्वाचा आहे.

पहिला उपयोग अधीन वाक्यातला. मुख्य क्रियापद भूतकाळी असेल आणि गौण क्रिया त्याच्याही आधी पूर्ण झाली असेल, तर नियमनिष्ठ लेखनात गौण वाक्यात हे रूप येते. ‘इल रग्रेते केल फ्यू पार्ती’ या वाक्याचा अर्थ ‘ती निघून गेल्याचे त्याला वाईट वाटत होते’ असा आहे. येथे ती खरोखरच गेलेली आहे.

दुसरा उपयोग अघटिताचा. ‘सील फ्यू वन्यू, झ ल्यूस व्यू’ म्हणजे ‘तो आला असता, तर मी त्याला पाहिले असते’. येथे तो आलेला नाही. या उपयोगाला फ्रेंच व्याकरणे ‘भूत संकेतार्थाचे दुसरे रूप’ असे नाव देतात. पास्काल (१६२३–१६६२) यांचा क्लिओपात्राच्या नाकाविषयीचा प्रसिद्ध विचार याच पद्धतीने सुरू होतो. अटीच्या वाक्यात त्यांनी पूर्णभूत अधीनार्थ वापरला आहे आणि फलवाक्यात साधा भूत संकेतार्थ.

एकच ‘फ्यू’ एका वाक्यात घडलेले सांगते आणि दुसऱ्यात न घडलेले. याचा अर्थ असा की क्रिया घडली की नाही, याचा निर्णय ते रूप स्वतः करीत नाही. तो वाक्यरचनेवरून होतो. रूप फक्त एवढे सांगते की ही क्रिया स्वतंत्र विधान म्हणून मांडलेली नाही.

आजच्या बोलण्यातून हे रूप गेले आहे. अघटितासाठी ‘सील एते वन्यू, झ लोरे व्यू’ अशी स्वार्थी पूर्णभूत आणि संकेतार्थ यांची जोडी वापरली जाते. अधीन वाक्यातही साधा भूत अधीनार्थ पुरतो. शिक्षण खात्याच्या १९०१ च्या निर्णयाने काही रचनांत अपूर्णभूत अधीनार्थाऐवजी वर्तमान अधीनार्थ चालवून घेण्यास परीक्षांमध्ये मुभा मिळाली, तेव्हाच या रूपकुलाची उतरती कळा उघड झाली होती. पूर्णभूत अधीनार्थ आज मुख्यतः जुन्या आणि भारदस्त गद्यात भेटतो.

३. मराठी रूपाची घडण

मराठी रूपही दोन घटकांचे आहे : मुख्य धातूचे ‘-ला’प्रत्ययान्त रूप आणि ‘असणे’चे ‘-ता’प्रत्ययान्त संकेतार्थी रूप. या दुसऱ्या घटकाची ओळख नीट व्हावी म्हणून त्याची रीतिवर्तमानाशी तुलना केली पाहिजे. ‘तो घरी असतो’ हे नेहमीचे. ‘तो घरी असता’ हे अघटित. ‘ती असते’ आणि ‘ती असती’, ‘ते पुरुष असतात’ आणि ‘ते पुरुष असते’, ‘त्या असतात’ आणि ‘त्या असत्या’ अशी ही जोडी तृतीय पुरुषात चालते. प्रथम पुरुषात मात्र ‘मी घरी असतो’ हे एकच रूप दोन्ही कामे करते. तेथे ‘तर’ किंवा संदर्भ अर्थ ठरवितो. मुख्य क्रियापद जोडले की संदिग्धता संपते : ‘मी जात असतो’ ही सवय, ‘मी गेलो असतो’ हे अघटित.

प्रयोगानुसार रूप बदलते. ‘तो आला असता’, ‘ती आली असती’ हा कर्तरी. ‘त्याने पत्र लिहिले असते’, ‘त्याने कथा लिहिल्या असत्या’ हा कर्मणी. ‘त्याने मुलांना बोलावले असते’ हा भावे. द्वितीय पुरुषी कर्ता असल्यास कर्मणीतही सहायकाला ‘-स’ लागतो : ‘तू पत्र लिहिले असतेस’. फ्रेंचमध्ये ‘एत्र’ घेणाऱ्या क्रियापदांचे धातुसाधित कर्त्याशी जुळते, तर ‘अव्वार’ घेणाऱ्यांचे केवळ आधी आलेल्या कर्माशी. सकर्मकाचे धातुसाधित कर्माकडे ओढले जाते ही प्रवृत्ती दोन्ही भाषांत आहे. मराठीत ती नियमित आहे, फ्रेंचमध्ये शब्दक्रमावर अवलंबून.

‘-ला’ऐवजी इतर धातुसाधितेही येतात : ‘तो येणार असता तर त्याने कळवले असते’, ‘तो येथे राहत असता तर भेटला असता’. यावरून दोन घटकांची कामे वेगळी काढता येतात. ‘असता’ अघटितत्व सांगतो. ‘-ला, -णार, -त’ हे क्रियेची अवस्था सांगतात. ‘-ला’ म्हणजे येथे भूतकाळ नव्हे, पूर्णता होय. ‘तो उद्या आला असता, पण सुटी रद्द झाली’ हे वाक्य मराठीत निर्दोष आहे, आणि त्यातील येणे उद्याचे आहे. म्हणून या रूपाला केवळ भूतकाळी संकेत म्हणणे पुरेसे नाही. आजच्या अघटितासाठी ‘असता’ एकटाच पुरतो : ‘मागच्या महिन्यात पाऊस झाला नसता तर आज विहिरीला पाणी नसते’.

येथे एका समरूप शब्दाविषयी सावध राहावयास हवे. ‘त्याला विचारले असता तो गप्प राहिला’ यातील ‘असता’ अव्ययासारखा आहे. तो लिंगवचनाने बदलत नाही आणि विचारणे घडलेले आहे. पूर्वी तो ‘असतां’ असा अनुस्वारासह लिहीत. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले आणि लेखनातील हा भेद मिटला. ‘विचारले असता’ आणि ‘विचारले असते तर’ यांत आता केवळ एका मात्रेचे आणि ‘तर’चे अंतर उरले आहे, अर्थाने मात्र ती घडलेले आणि न घडलेले अशा दोन टोकांना आहेत.

४. ऐतिहासिक बाजू

संस्कृतात अघटितासाठी लृङ् हा स्वतंत्र लकार होता. वैयाकरणांनी त्या प्रसंगाला ‘क्रियातिपत्ति’, म्हणजे क्रियेची असिद्धी, असे नाव दिले. ‘संकेत’ या नावात अट प्रधान आहे. ‘क्रियातिपत्ति’ या नावात न घडणे प्रधान आहे. जुनी संज्ञा येथे अधिक नेमकी होती असे म्हणावे लागते.

प्राकृतात लृङ् क्षीण झाला. बाराव्या शतकातील हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात क्रियातिपत्तीच्या जागी ‘-न्त’ व ‘-माण’ हे वर्तमान धातुसाधिताचे प्रत्यय सांगितले आहेत. मराठीचा ‘-ता’ या ‘-न्त’च्या वंशातला. जुन्या मराठीत हा ‘-ता’ एकटाच अघटित दाखवू शके, आणि ‘तो अभ्यास करता तर पास होता’ अशा वाक्यांत तो आधुनिक काळापर्यंत टिकला. या वाक्यातील ‘होता’ म्हणजे ‘झाला असता’. परंतु ‘होता’ हे ‘असणे’चे भूतकाळी रूपही आहे, शिवाय प्रथम पुरुषी ‘मी करतो’ हे वर्तमानाशी एकरूप. अशा गोंधळाच्या जागा वाढल्यामुळे ‘-ला असता’ या जोडरूपाकडे कल वाढला असावा, असे अनुमान करता येते.

फ्रेंचचा इतिहासही असाच आहे. लॅटिनमधील पूर्णभूत अधीनार्थाचे एकपदी रूप फ्रेंचमध्ये आले ते अपूर्णभूताच्या जागी. मग पूर्णभूतासाठी सहायक आणि धातुसाधित यांची नवी जोडी करावी लागली. एकपदी रूप झिजले आणि धातुसाधिताच्या आधाराने दुसरे उभे राहिले, ही वाट दोन्ही भाषांनी घेतली. पुढे फ्रेंच रूप ग्रंथांपुरते उरले. मराठी रूप मात्र घरोघरी, शेतोशेती बोलले जाते.

५. मराठी रूपाचे उपयोग

(अ) पूर्ण जोडवाक्य. ‘बियाणे वेळेवर मिळाले असते तर पेरणी साधली असती.’ ‘जर’ बहुधा गाळला जातो. ‘तर’ही कधी गळतो : ‘पैसा असता, विहीर खणली असती.’

(आ) केवळ फलवाक्य. ‘मी आलो असतो, पण बस चुकली.’ येथे अट नाही, कारण आहे.

(इ) केवळ अटवाक्य. ‘एक पाऊस आला असता तर!’ फल न उच्चारल्यामुळे इच्छा आणि खंत दोन्ही व्यक्त होतात.

(ई) थोडक्यात टळलेले. पाय घसरून सावरलेला माणूस ‘पडलो असतो!’ म्हणतो. येथे जर नाही, तर नाही, संकेतही नाही. उरते ते फक्त न घडणे.

(उ) नकार. ‘शेजाऱ्याने मोटार दिली नसती तर ओलीत झाले नसते.’ नकारात्मक रूप घडलेले सांगते : मोटार मिळाली आणि ओलीतही झाले. ‘नसती उठाठेव’, ‘नसता उपद्व्याप’ या नित्याच्या प्रयोगांत हेच ‘नसता’ विशेषण होऊन बसले आहे.

(ऊ) अनुमान. २०१७ च्या खरिपात विदर्भातील कापसावर गुलाबी बोंडअळीचा मोठा प्रादुर्भाव झाला. या अळीची एक खूण म्हणजे न उमलता मिटून राहिलेली फुले, ज्यांना शेतकरी डोमकळ्या म्हणतात. ‘अळी पडली असती तर डोमकळ्या दिसल्या असत्या, त्या तर दिसत नाहीत’ हे शेताच्या बांधावरचे बोलणे तर्कशास्त्रातील निषेधात्मक अनुमानाचे शुद्ध उदाहरण आहे. हे रूप केवळ हळहळीचे नाही, विचाराचेही साधन आहे, हे त्यावरून दिसते.

या सहा उपयोगांपैकी ‘जर–तर’ची पूर्ण चौकट पहिल्यात व सहाव्यात आहे आणि पाचव्यातील उदाहरणात आहे, उरलेल्यांत ती अपुरी आहे किंवा मुळीच नाही. सर्वांत समान आहे ते हे की क्रियापदाने सांगितलेली गोष्ट वक्ता घडलेली मानीत नाही. म्हणून या रूपाचा गाभा अट नसून अघटितत्व आहे. उलट बाजूने पाहिले तरी हेच दिसते : ‘पाऊस आला तर पेरू’ यात अट आहे, पण अघटित नाही.

६. अनुवाद आणि नोंद : चुकीची किंमत

आता सुरुवातीच्या अडचणीकडे वळता येते. फ्रेंच पूर्णभूत अधीनार्थ मराठीत आणताना प्रथम क्रिया घडली की नाही हे ठरविले पाहिजे. घडली असेल तर ‘-ल्याचे’, ‘-ला होता’ किंवा ‘-ला म्हणून’ या स्वार्थी रचना. घडली नसेल तरच ‘-ला असता’. ‘ती गेली असती याचे त्याला वाईट वाटत होते’ असा अनुवाद केल्यास गेलेली व्यक्ती न गेलेली होते. कथेतील पात्राच्या बाबतीत ही चूक कथानक बिघडविते.

प्रत्यक्ष व्यवहारात तीच चूक माणसाचे नुकसान करू शकते. पुढील तीन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत.

विमा भरला तर पैसे मिळतील.
विमा भरला असेल तर पैसे मिळतील.
विमा भरला असता तर पैसे मिळाले असते.

पहिल्यात विमा भरणे पुढचे आहे. दुसऱ्यात ते झाले की नाही हे वक्त्याला ठाऊक नाही. तिसऱ्यात ते झालेले नाही, आणि वक्ता तसे मान्य करीत आहे. वऱ्हाडीत दुसरे वाक्य ‘विमा भरला असन तं पैसे भेटतीन’ असे होते आणि तिसरे ‘विमा भरला असता तं पैसे भेटले असते’ असे. भविष्यवाचक ‘असन’ आणि अघटितवाचक ‘असता’ यांत आरंभीचे ‘अस’ समान. फरक काय तो शेवटच्या अक्षराचा. वऱ्हाडी न जाणणाऱ्या लेखनिकाने जबाब किंवा पंचनामा प्रमाण मराठीत उतरविताना ‘असन’चा ‘असता’ केला, तर बोलणाऱ्याची शंका कागदावर कबुली म्हणून उतरते. उलट ‘असता’चा ‘असेल’ झाला, तर स्पष्ट सांगितलेली वस्तुस्थिती मोघम होते. अर्जदार स्वतः कागद वाचू शकत नसेल तर ही चूक त्याच्या सहीनिशी कायम होते.

वऱ्हाडीचे क्रियारूप येथे अशुद्ध नाही, हेही नोंदविले पाहिजे. ‘तर’चा ‘तं’ आणि ‘असेल’चा ‘असन’ हे नियमित भेद आहेत. घडलेले, अज्ञात आणि अघटित हे तिन्ही स्तर बोलीत प्रमाण भाषेइतकेच काटेकोरपणे राखले आहेत. ‘त्याले सांगतलं असतं तं तो आला असता’ हे वाक्य कर्मणी-भावेचा विवेक, सहायकाचे रूप आणि अघटितत्व यांपैकी कशातही उणे नाही. वर्गात ते ‘सुधारून’ घेण्याऐवजी त्याचे पृथक्करण करून घेतले, तर कळंबचा विद्यार्थी संकेतार्थ पाठ्यपुस्तकातून नव्हे, आपल्याच बोलीतून सिद्ध करील.

७. अध्यापनासाठी सूचना

दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ मध्ये, मो. के. दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ मध्ये आणि अरविंद मंगरूळकरांचा ‘मराठीच्या व्याकरणाचा पुनर्विचार’ १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला. या दीर्घ परंपरेत रूढ झालेली ‘संकेतार्थ’ ही संज्ञा टाकून देण्याचे कारण नाही. मात्र तिचा अध्यापनातील क्रम बदलणे इष्ट आहे. प्रथम ‘पडलो असतो!’ यासारखे एकटे वाक्य घ्यावे, मग फलवाक्य, आणि शेवटी जर–तरचे जोडवाक्य. रूप ओळखण्याची सोपी कसोटी अशी : वाक्यापुढे ‘पण तसे झाले नाही’ हे शब्द जोडून पाहावेत. ‘तो आला असता, पण तसे झाले नाही’ हे जुळते; ‘तो आला असेल, पण तसे झाले नाही’ हे जुळत नाही. फ्रेंच वाक्याच्या अनुवादातही अर्थावरून हीच कसोटी लावावी. जेथे ती जुळते तेथेच ‘-ला असता’ योजावे.

फ्रेंच रूपाने क्रियेचे अधीनत्व दाखविले आणि तिचे खरेखोटेपण वाक्यावर सोपविले. मराठी रूपाने अधीनतेची पर्वा केली नाही. न घडणे एवढेच त्याने आपल्या अंगावर घेतले. म्हणून ‘आला असता’ला अधीनार्थाचे मराठी भाषांतर समजणे जितके चूक, तितकेच त्याला केवळ जर–तरचे रूप समजणेही चूक. जे झाले नाही ते ‘झाले नाही’ असे नोंदवून, झाले असते तर काय झाले असते हे सांगणारे हे रूप आहे. आणि ते ऐकणाऱ्याने, लिहून घेणाऱ्याने व शिकविणाऱ्याने शेवटच्या अक्षरापर्यंत ऐकले पाहिजे.